एक्केचाळीस टॅब

लांगादा, अमोर्गोस
१२ जानेवारी २०१९

स्तामातिस,

आम्ही मायलेकी बऱ्या आहोत, तूही बरा असशील असं धरून चालते. फोन करत जाऊ नकोस. तू बोलतोस आणि मला फक्त समुद्र ऐकू येतो. डॉक्टर म्हणाला, कानाला यंत्र लावा. लावलं. आता समुद्र मोठ्यानं ऐकू येतो. म्हणून हे पत्र.

काम असं आहे. येत्या अकरा फेब्रुवारीला माझ्या भावाला जाऊन तीन वर्षं होतील. तुमच्या अथेन्समध्ये मेलेल्या माणसालाही भाडेकरूच समजतात. तीन वर्षं झाली की जागा रिकामी करा. झाखारिसला उकरतील, त्या दिवशी घरचं कुणीतरी तिथं पाहिजे. हाडं वाइननं धुवायची, पेटीत घालायची, घेऊन यायची. कुणी आलं नाही तर ते लोक हाडं सामाईक विहिरीत टाकतात, आणि विहिरीतून आजवर कुणी आपलं नाव सांगत वर आलेलं नाही.

तो गेला तेव्हा नऊ दिवस जहाजबंदी नसती तर तो त्याच आठवड्यात घरी आला असता. तू मला फोनवर म्हणालास, "आत्ता इथंच पुरू, तीन वर्षांनी घेऊन जा." बरं, झाली तीन वर्षं.

आई त्र्याण्णव वर्षांची आहे. तिनं मरण पुढं ढकललंय. थट्टा करत नाही. पाद्रीबाबा तब्येत विचारायला आले तर म्हणाली, "आधी पोरगं घरी येऊ दे, मग माझं बघा." देवळामागच्या कोनाड्यात तिनं दोन पेट्यांची जागा झाडून ठेवलीय.

मला तारीख पंधरा दिवस आधी कळली पाहिजे. जहाज आठवड्यातून तीनदा, तेही वाऱ्याच्या लहरीवर. तू तिथं राहतोस, कचेरीत आयुष्य काढलंयस, तुला काय अवघड आहे?

शनिवारी त्याच्या थडग्यावर दिवा लावतोस ना? आई रोज विचारते. मी रोज हो म्हणते.

कालिरोई


पालिओकामिनो, अथेन्स
२१ जानेवारी २०१९

कालिरोई,

नगरपालिकेत जाऊन आलो. खिडकीत एक तरुणी बसली होती. तिनं मान वर न करता काचेवर चिकटवलेल्या कागदाकडं बोट केलं: "सर्व माहिती संकेतस्थळावर उपलब्ध." मी म्हटलं, "बाई, मी तुमच्यापासून दोन वितींवर उभा आहे." ती म्हणाली, "आजोबा, मीसुद्धा तिथंच बघते."

तर संकेतस्थळ उघडलं. उत्खननाच्या याद्यांचं एक पान आहे. त्यावर एकाखाली एक एक्केचाळीस निळ्या ओळी. प्रत्येक ओळ म्हणजे दफनभूमीचा एक विभाग. ओळीवर बोट ठेवलं की पान जातं आणि त्या विभागाची यादी येते. ती वाचायची, मग मागं यायचं. मागं आलं की पान पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू. नऊ विभाग वाचून झाले आणि मला आठवेना की सातवा वाचला की सहावाच दोनदा वाचला. एका मावरोमातीचं नाव मी चार वेळा वाचलंय. आता त्यांच्याकडं मयताला जावंसं वाटू लागलंय.

मी करकचेरीत बत्तीस वर्षं काढली. तिथं एका टेबलावर चाळीस फायली उघड्या ठेवून मी काम केलंय आणि एकही कागद हरवला नाही. इथं एक फाईल उघडली की दुसरी हातातून काढून घेतात. हे यंत्र माझ्या त्या साहेबासारखं आहे, ज्याला एका वेळी एकच गोष्ट समजायची.

पण काळजी करू नकोस. आत्याला सांग, मी बसलोय.

दिवा लावतो की. दर शनिवारी.

स्तामातिस


लांगादा
३० जानेवारी

माझ्या शहाण्या भावा,

एक्केचाळीस विभाग कशाला वाचतोस? झाखारिस एकाच विभागात आहे ना? माणूस मेल्यावर तरी एका जागी राहतो. तू दर शनिवारी जातोस. दारातून कुठं वळायचं ते तुझ्या पायांना ठाऊक असेल. तेवढाच विभाग बघ.

आणि बघायचं तरी कशाला? शनिवारी गेलास की तिथल्या फावडेवाल्याला विचार. फावडं त्याच्या हातात आहे, तारीखही त्यालाच ठाऊक असणार.

तेलाचा डबा बुधवारच्या जहाजानं पाठवलाय. झाकण घट्ट बसत नाही, उभाच ठेव.

कालिरोई


पालिओकामिनो
८ फेब्रुवारी

कालिरोई,

तेल मिळालं. निम्मं डब्यात, निम्मं पोत्यात.

विभागांचं म्हणशील तर गेल्या वर्षी सगळ्यांची नावं बदलली. पूर्वी अक्षरं होती, आता आकडे. कुठलं अक्षर कुठल्या आकड्यात गेलं ते कुणालाच माहीत नाही. फावडेवाला बोलत नाही, परदेशी आहे. म्हणून एक्केचाळीसही वाचणंच शहाणपणाचं.

पण आता खरी बातमी ऐक. आमच्याकडच्या नागरिक सेवा केंद्रात उरानिया म्हणून एक बाई आहे, पन्नाशीची, सिगारेट सोडल्यापासून सगळ्या जगावर चिडलेली. मी तिला माझं दुःख सांगितलं. ती म्हणाली, "अहो, एकेक काय उघडता? माउसला मधे चाक आहे ना, ते ओळीवर दाबा." मी म्हटलं, "चाक फिरवायचं असतं." ती म्हणाली, "दाबायचंही असतं. तुमच्या बायकोनं कधी सांगितलं नाही?" मागं रांगेत हशा.

दाबलं. कालिरोई, पान जागचं हललं नाही! आणि वरच्या कडेला एक छोटी खूणपट्टी उमटली. दुसऱ्या ओळीवर दाबलं, दुसरी पट्टी. ह्याला टॅब म्हणतात. मूळ पान आपल्या जागी शाबूत, आणि त्यातल्या याद्या शेजारी शेजारी उघड्या, माझ्या जुन्या टेबलावरच्या फायलींसारख्या. हवी ती पुढं घे, वाच, तशीच राहू दे. मागं जाणं नाही, विसरणं नाही. बत्तीस वर्षं मी ज्या पद्धतीनं काम केलं, ती ह्या लोकांना आता सुचलीय.

घरी येऊन एक्केचाळीस ओळींवर एक्केचाळीस वेळा चाक दाबलं. पट्ट्या इतक्या बारीक झाल्या की वरची कड कंगव्यासारखी दिसते. सगळ्या वाचल्या. झाखारिसचं नाव कुठंही नाही, म्हणजे अजून वेळ आहे. उरानिया कुठल्याशा गोल बाणाबद्दलही सांगत होती, पण मागची माणसं ढकलायला लागली आणि मला एवढं पुरेसं होतं.

आता यंत्र बंद करणार नाही. सगळं उघडं आहे.

स्तामातिस


लांगादा
२० फेब्रुवारी

स्तामातिस,

कंगवा तुला लखलाभ. डोक्यावर केस नाहीत, निदान यंत्राला तरी असू देत.

इथली तयारी झाली. सुताराकडून पेटी आली. सायप्रस झाडाच्या लाकडाची आहे, आईनं वास घेऊन पसंत केली. म्हणाली, "लहान आहे." मी कानात ओरडले, "आई, तेवढीच पुरते." त्यावर तिनं पेटीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "जन्मला तेव्हाही एवढाच होता."

वाइन गोड घेतलीय, शेजारच्या मारकूच्या घरची. पांढरं कापड धुऊन, इस्त्री करून ठेवलंय. पाद्रीबाबांनी हवी ती तारीख देतो म्हणून सांगितलंय. आता सगळ्या बेटाची तयारी आहे, फक्त अथेन्सची नाही.

तीन वर्षं उलटून नऊ दिवस झाले. इतके दिवस ते थांबतात का रे? गावातल्या पेट्रोसच्या बापाला तिकडं तीन वर्षं पुरी व्हायच्या आतच काढलं होतं. पुन्हा एकदा नीट बघ.

कालिरोई


पालिओकामिनो
४ मार्च

कालिरोई,

नीट म्हणजे किती नीट? ऐक माझा दिनक्रम. सकाळी सातला उठतो, कॉफी ठेवतो, उकळी येईपर्यंत पहिले दहा टॅब. कॉफी पिताना पुढचे वीस. पाव खाताना उरलेले. डॉक्टर खाटांवरून फेरी मारतो तसा मी याद्यांवरून मारतो. आजवर पंचवीस फेऱ्या झाल्या. प्रत्येक यादीतलं प्रत्येक नाव मला आता तोंडपाठ आहे. विभाग तेरामध्ये दोन सख्ख्या बहिणी आहेत, विभाग तीसमध्ये एक निवृत्त बँडवाला. झाखारिस कुठंच नाही. काल नव्हता, आज नाही. एकाही यादीत एक अक्षर बदललेलं नाही. आमची नगरपालिका संथ आहे, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचा आनंद होतोय.

आत्याला सांग, कुणाच्याही मुलावर इतकं बारीक लक्ष कुणी ठेवलं नसेल.

परवाच्या मृतांच्या शनिवारी मीही थडग्यावर ठेवायला शिजवलेला गहू घेऊन गेलो होतो. दिवा लावला. वारा होता, पण टिकला.

स्तामातिस


लांगादा
१६ मार्च

स्तामातिस,

आज तिसरा, शेवटचा मृतांचा शनिवार. आईनं देवळात पाद्रीबाबांना चिठ्ठी देऊन झाखारिसचं नाव वाचून घेतलं आणि बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं, "पुढच्या वर्षी चिठ्ठी द्यावी लागणार नाही, तो इथंच असेल." बायकांनी तिच्या हाताचं चुंबन घेतलं. मी मेणबत्ती विझवायचं निमित्त करून मागं राहिले.

तिचं खाणं कमी झालंय. एक अंडं, तेही अर्धं. माणूस ज्या गोष्टीसाठी थांबतो ती फार लांबली की थांबायचंच विसरतो, असं पाद्रीबाबा म्हणतात. मला त्यांचं म्हणणं नेहमी कळत नाही, ह्या वेळी कळलं.

तू वाईट वाटून घेऊ नकोस, पण एकदा त्या पानाऐवजी माणसाला विचार. परदेशी असला तरी बोट करून दाखवील.

कालिरोई


पालिओकामिनो
२९ मार्च

कालिरोई,

तब्येत बरी आहे. इथं हवा बदललीय. संत्र्यांना फुलं आलीत, सगळ्या रस्त्यांना वास येतो, आणि मग कचऱ्याची गाडी येते. उरानिया रजेवर आहे. सिगारेट पुन्हा सुरू केली असं ऐकलं.

मंगळवारी दुपारी इथं तासभर वीज गेली होती. मोठं काही नाही, फक्त आमच्या रस्त्याचीच. मग आली.

याद्यांचं काम चालू आहे. ह्या गोष्टींना वेळ लागतो, सरकारी काम आहे, घाई करून चालत नाही. तू इतक्यात निघू नकोस. समुद्रही खवळलेला आहे असं बातम्यांत सांगत होते, सगळ्या सिक्लाडीस बेटांना इशारा आहे. ईस्टर होऊन जाऊ दे. आत्याला अंड्याबरोबर थोडा मध देत जा, त्यानं भूक लागते. पेटी कोरड्या जागी ठेवली आहेस ना? लाकूड ओल धरतं.

तिला माझा नमस्कार सांग. काय करतेय सध्या? झोप लागते का?

स्तामातिस


लांगादा
६ एप्रिल

स्तामातिस,

समुद्र माझ्या खिडकीखाली आहे. गेले नऊ दिवस तो ताटात ओतलेल्या तेलासारखा पडून आहे. मुलं गुडघाभर पाण्यात उभी राहून आपापले पाय बघतायत.

मी बहिरी आहे, आंधळी नाही. तुझं पत्र तीनदा वाचलं. त्यात संत्री आहेत, कचऱ्याची गाडी आहे, मध आहे. झाखारिसचं नाव एकदाही नाही. आधीच्या दोन पत्रांत "कुठंच नाही" असं तरी होतं.

काय झालं?

कालिरोई


पालिओकामिनो
१३ एप्रिल

कालिरोई,

हे पत्र चौथ्यांदा लिहितोय. पहिल्या तिन्हींत दोष नगरपालिकेचा होता.

सव्वीस मार्चला वीज गेली तेव्हा यंत्र बंद पडलं. वीज आल्यावर चालू केलं, तर त्यानं विचारलं, आधीची पानं परत आणू का? मी हो म्हटलं. एक्केचाळीस टॅब एकेक करून परत आले. मी सवयीनं फेरी सुरू केली आणि पहिल्याच यादीत नावं वेगळी होती. दुसरीतही. त्या दोघी बहिणी गेल्या होत्या, बँडवाला गेला होता. सत्ताविसाव्या टॅबमध्ये झाखारिस होता. नोमिकोस झाखारिस. उत्खनन सात मार्च. नातेवाईक अनुपस्थित. अस्थी सामाईक विहिरीत.

धावत सेवा केंद्रात गेलो. उरानिया होती. (रजेवर नव्हती, ते मी असंच लिहिलं.) ती म्हणाली, "टॅब उघडला त्या क्षणी पान जसं होतं तसंच दिसत राहतं, गोल बाण दाबेपर्यंत. सांगितलं होतं मी." सांगितलं होतं. त्याचं नाव अठरा फेब्रुवारीला पानावर चढलं होतं. त्या दिवसापासून सव्वीस मार्चपर्यंत मी रोज सकाळी, कॉफी पीत, आठ फेब्रुवारी वाचत होतो. मला वाटलं, कागद एकदा हातात आला की तो बदलत नाही. बत्तीस वर्षांत माझा एकही बदलला नाही.

मग मी दफनभूमीत गेलो. आणि आता जे लिहायचंय त्यासाठी तीन पत्रं फाडली.

मला दारातून कुठं वळायचं ते ठाऊक नव्हतं. विभागांची नावं बदललेली नाहीत. अक्षरंही नव्हती, पहिल्यापासून आकडेच आहेत. मला त्याचा विभाग माहीत नव्हता, कारण पहिल्या वर्षश्राद्धानंतर मी तिथं गेलोच नाही. एकही शनिवार नाही. गहू शिजवला होता, पण बसथांब्यावरून परत फिरलो आणि घरी बसून खाल्ला. फावडेवाला परदेशी नाही, तुमच्या शेजारच्या नाक्सोस बेटावरचा आहे. खूप बोलतो. तो म्हणाला, क्रुसाला प्लास्टिकमधली सूचना अठरा फेब्रुवारीपासून बांधलेली होती, "एखादा शनिवार कुणी आलं असतं तरी दिसली असती. दिवाही पेटलेला नसायचा, म्हणून आम्हाला वाटलं, ह्याचं कुणी नाही."

का गेलो नाही ते विचारशील. त्या वर्षश्राद्धानंतर थोड्याच दिवसांनी माझ्या बापाला उकरलं, तेव्हा मी हजर होतो. सगळं गेलं होतं, पण मोजे नायलॉनचे होते. मोजे तसेच होते, कालिरोई. मीच दिलेले होते. त्यानंतर मला त्या दारातून आत पाऊल टाकवत नाही. झाखारिससाठी यंत्रासमोर तास न् तास बसलो, ते खोटं नाही. बसायला मी कधीच घाबरलो नाही.

विहीर बघितली. सिमेंटचं झाकण आहे, वर कडी. नाक्सोसवाला म्हणाला, वर्षाला दोनतीनशे जातात, आता कोण कुठला ते देवसुद्धा निवडू शकणार नाही. विहीर उघडा म्हणून मी नगरपालिकेत विनंती अर्ज केला. तो त्यांनी ठेवून घेतला. निर्णय संकेतस्थळावर लागेल म्हणाले.

आत्याला काय सांगायचं ते मला सुचत नाही. तू सांगशील तसं मी खोटं बोलेन.

स्तामातिस


लांगादा
२० एप्रिल

स्तामातिस,

तुझं पत्र गुरुवारी आलं. दोन दिवस उशीखाली ठेवलं. तुझ्याकडून आणखी खोटं नको. तुझं खोटं फार तपशीलवार असतं.

आज आईला सांगितलं. तिला काही सांगायचं म्हणजे ओरडावं लागतं, त्यामुळं गल्लीला आधी कळलं आणि तिला नंतर. मी "विहिरीत" असं तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा मारकूची बायको खिडकी लावून घेऊन आत गेली.

आई रडली नाही. विचारलं, "एकटाच आहे?" मी म्हटलं, "नाही, पुष्कळ जण आहेत." "ओळखीचं कुणी?" मी म्हटलं, "मला नाही वाटत." मग ती उठली, अख्खं अंडं खाल्लं आणि विचारलं, "त्या विहिरीत जायचं कसं?"

मला वाटलं, तिला नीट ऐकू गेलं नाही. पुन्हा विचारलं, तर नीटच ऐकू गेलं होतं. मग मी गावच्या कचेरीतल्या बाईंच्या घरी जाऊन सगळे नियम विचारून आले. तिथं पुरायचं असेल तर माणूस मरताना तुमच्या नगरपालिकेचा रहिवासी पाहिजे, झाखारिस होता तसा. तीन वर्षं जमिनीत. मग यादी, मग तारीख. आणि त्या दिवशी घरचं कुणी आलं नाही तर विहीर. सगळं तिला ओरडून सांगितलं. ती म्हणाली, "मग सोपं आहे. स्तामातिसकडं मागची खोली आहे ना?"

मी तिच्याशी भांडले. देवळामागची जागा, माझ्या बापाची हाडं, सगळं काढलं. ती म्हणाली, "तुझ्या बापाला माझी सवय झालीय, तो थांबेल. पोरगं परक्यांत आहे." पाद्रीबाबांना बोलावलं, ते अर्धा तास तिच्याशी बोलले आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "गाठोडं बांधा." मला काही करता येत नाही, स्तामातिस. तुझ्यावर ओरडायचं होतं, तेवढाही आवाज उरला नाही.

ईस्टरनंतरच्या मंगळवारच्या जहाजानं आम्ही निघतोय. पिरेउस बंदरावर चाकाची खुर्ची घेऊन ये. ती अंडं पातळ खाते, झोपेत शिव्या देते, आणि खिडकी उघडीच लागते. रहिवासी दाखल्याचे कागद आधी भरून ठेव, तिला फार थांबायचं नाहीये.

मी तिला सोडून परत येईन. पुढच्यासाठी मी असेन की नाही माहीत नाही, म्हणून आत्ताच लिहून ठेवते. तीन वर्षांनी तिचं नाव लागेल. ते कुठं लागलं, कधी लागलं, काही बघायचं नाही. त्या दिवशी तिकडं कुणीही जायचं नाही. एवढं एक काम तुझ्यावर सोपवते. ते तुला जमेल.

कालिरोई